सप्टेंबरचं एक जास्तीचं अक्षर



आमच्या मोहल्ल्यात अर्ज लिहून द्यायचं काम माझ्याकडे आहे. ते मला कुणी नेमून दिलेलं नाही. मराठीत कविता लिहितो आणि बी. ए. झालेला आहे, एवढ्या भांडवलावर ते आपोआप गळ्यात पडलं. कवितेची वही मागायला सहसा कुणी येत नाही. पण रेशनकार्डावरचं नाव, विजेचं वाढलेलं बिल, शाळेचा दाखला यांसाठी माणसं येतात, बसतात, चहा घेतात आणि अर्ज घेऊन जातात.

२०२३ च्या सप्टेंबरात, एका दुपारी, आमच्या गल्लीतल्या एक खाला आल्या. वय सत्तरीच्या पुढे. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत घडी घातलेली पतसंस्थेची पावती. १२ सप्टेंबर २०१८ ला त्यांनी पाच वर्षांची मुदत ठेव ठेवली होती. नात बारावी झाली की तिच्या शिक्षणाला कामी येईल, हा हिशेब. नात बारावी झाली, तिला नर्सिंगला प्रवेशही मिळाला. महिनाअखेरपर्यंत फीचा पहिला हप्ता भरायचा होता. मुदत बरोबर वेळेवर संपत होती. पण संस्थेत गेल्यावर त्यांना सांगण्यात आलं, की या महिन्यात मुदत संपणाऱ्यांच्या यादीत तुमचं नाव नाही.

"बेटा," त्या मला म्हणाल्या, "कागद माझ्या हातात आहे. पैसे मी माझ्या हातानं मोजून दिले. आणि मशीन म्हणतं, तू नाहीस. आता मशीनला अर्ज कसा करायचा, ते लिहून दे."

मशीनला अर्ज करता येत नाही, म्हणून मी त्यांच्याबरोबर संस्थेत गेलो. तिथला कारकून भला माणूस. त्यानं कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला. खालांचं नाव होतं, खाते क्रमांक होता, रक्कम होती. मुदत संपण्याच्या तारखेचा रकाना तेवढा कोरा होता. "तारीखच नाही म्हटल्यावर ती कुठल्याच महिन्याच्या यादीत येत नाही," तो म्हणाला, "आणि यादीत नाव आल्याशिवाय मला व्हाउचर काढता येत नाही." व्यवस्थापक म्हणाले, मागच्या महिन्यात सॉफ्टवेअर अपडेट झालंय, कंपनीला कळवलंय, उत्तर आलं की बघू.

त्याच दिवशी खिडकीशी आमच्या ओळखीचा एक रिक्षावाला नवी ठेव ठेवत होता. त्याची ताजी पावती काउंटरवर पडली होती. मी दोन्ही पावत्या शेजारी शेजारी धरल्या. पावत्या इंग्रजीत. खालांच्या जुन्या पावतीवर दिवस, मग आडवी रेघ, मग सप्टेंबरची तीन अक्षरं: एस, ई, पी. रिक्षावाल्याच्या पावतीवर चार: एस, ई, पी, टी. कवीला मात्रा मोजायची खोड असते. एक अक्षर जास्त झालं की ओळ लंगडते, हे कानाला कळतं. इथं ते डोळ्यांना खुपलं. मग मी खिडकीशी उभ्या असलेल्या आणखी दोघांना विचारलं. एकाच्या ठेवीची तारीख सप्टेंबरची, तीही कोरी. दुसऱ्याची जूनची, ती जशीच्या तशी शाबूत.

संध्याकाळी मी माझ्या भाचीला फोन लावला. ती पुण्यात सॉफ्टवेअरच्या कामात आहे. सगळं ऐकून ती म्हणाली, "मामू, त्यांनी जावा बदलला असणार."

जावा म्हटल्यावर मला वडिलांच्या काळातली फटफटी आठवली. पण ही जावा म्हणजे कॉम्प्युटरला कामं सांगायची एक भाषा. १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनं ती जगापुढे आणली. बँका, विमा कंपन्या, सरकारी कचेऱ्या यांची असंख्य कामं आज तिच्यावर चालतात. भाचीनं त्या रात्री आणि पुढच्या दोन-तीन रात्री मला जे समजावून सांगितलं, ते मी तुमच्यासमोर माझ्या शब्दांत मांडणार आहे. कारण हा प्रश्न एका पतसंस्थेपुरता नाही. तारीख लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या प्रत्येकाचा तो आहे.

पहिली गोष्ट अशी, की कॉम्प्युटरला आपल्यासारखी तारीख माहीत नसते. त्याच्या पोटात असते ती मोजणी. १ जानेवारी १९७० हा दिवस शून्य धरायचा आणि तिथून पुढे मोजत जायचं. कुणी दिवस मोजतं, कुणी सेकंद, जावा सेकंदाचा हजारावा भागही मोजते. या मोजणीत खालांनी ठेव ठेवली तो दिवस १७,७८६ वा, आणि मुदत संपली तो १९,६१२ वा. दोन्हींतलं अंतर १,८२६ दिवस. पाच वर्षं, आणि मधल्या २०२० या लीप वर्षाचा एक जास्तीचा दिवस. हा आकडा अमेरिकेत, जपानमध्ये आणि आमच्या गल्लीत सारखाच.

पण १९,६१२ असा आकडा पावतीवर छापला तर कोण वाचणार? म्हणून त्या आकड्याला माणसाला समजेल असा पोशाख चढवावा लागतो. आणि पोशाख देशोदेशी वेगळा. शून्य तीन, तिरकी रेघ, शून्य चार, तिरकी रेघ, शून्य पाच, असं लिहिलं तर आपण ३ एप्रिल २००५ वाचतो. अमेरिकन माणूस ४ मार्च २००५ वाचतो, कारण तो महिना आधी लिहितो. वर्ष आधी लिहिण्याची सवय असलेला माणूस ५ एप्रिल २००३ वाचेल. तिघेही आपापल्या जागी बरोबर.

भाषा आणि प्रदेश मिळून पोशाखाची जी निवड होते, तिला कॉम्प्युटरवाले 'लोकॅल' म्हणतात. अमेरिकेतली इंग्रजी हा एक लोकॅल, ब्रिटनमधली इंग्रजी हा दुसरा, भारतातली मराठी हा तिसरा. लोकॅल सांगितला, की महिन्यांची नावं, दिवस आधी की महिना, मध्ये रेघ की टिंब, आकडे कुठल्या लिपीतले, आठवडा रविवारी सुरू होतो की सोमवारी, हे सगळं ठरून येतं.

आता मला सांगा, ही गोष्ट आपल्याला नवी आहे का? पेशवाईतले मराठी कागद ज्यांनी पाहिले असतील, त्यांना ठाऊक आहे की एकाच दिवसाला तिथं किती पोशाख असतात. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. शककर्त्याच्या हिशेबानं ते शके १६८२, पौष महिना. हिजरी सनाच्या हिशेबानं ११७४, महिना जमादिलाखर. आणि मराठी दफ्तरात जो शुहूर सन चाले, त्याच्या हिशेबानं 'इहिदे सितैन मया व अलफ'. लहानपणी मदरशात अरबी गिरवलेली असल्यानं हे शब्द मला परके वाटले नाहीत. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. झाले ११६१. हा सन मृग नक्षत्र निघालं की बदलायचा, म्हणून त्याला मृगसालही म्हणत. अरबी आकडे, मोडी लिपी, मराठी भाषा आणि पेरणीचं वर्ष, असा तो एक लोकॅलच होता. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघतो. ५९९ की ६००, हे दिवस मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतचा आहे की जानेवारीनंतरचा, यावर ठरतं. म्हणूनच इतिहासाच्या अभ्यासकाला जंत्री हाताशी ठेवावी लागते. जंत्री नसेल, तर पत्र खरं, शाई खरी, दिवस मात्र हरवलेला.

कॉम्प्युटरलाही अशी जंत्री लागते. जगातल्या शेकडो भाषा-प्रदेशांच्या रीतींची जंत्री. प्रश्न एवढाच, की ती लिहायची कुणी?

जावाच्या पहिल्या वीसेक वर्षांत ती जंत्री जावाची स्वतःची होती. जावा बनवणाऱ्यांनी जुन्या काळी जमवलेली माहिती तिच्या पोटातच भरलेली असायची. दुसरीकडे युनिकोड कन्सॉर्शियम ही संस्था आहे. आपली देवनागरी आज मोबाइलवर आणि कॉम्प्युटरवर एकसारखी दिसते, त्यामागे तिनं अक्षरांना दिलेले क्रमांक आहेत. या संस्थेनं २००४ पासून एका सामाईक जंत्रीचं काम हाती घेतलं. तिचं नाव कॉमन लोकॅल डेटा रिपॉझिटरी, थोडक्यात सीएलडीआर. मोठ्या कंपन्यांचे भाषातज्ज्ञ आणि देशोदेशीचे स्वयंसेवक आपापल्या भाषेची माहिती त्यात भरतात, वाद घालतात, मत देतात. वर्षातून साधारण दोनदा तिची नवी आवृत्ती निघते.

२०१४ च्या मार्चमध्ये जावाची आठवी आवृत्ती आली. तिच्याबरोबर ही नवी जंत्री दिलेली होती, पण ती कपाटात. मागितली तरच मिळायची. २०१७ च्या सप्टेंबरात नववी आवृत्ती आली आणि क्रम उलटा झाला. सामाईक जंत्री टेबलावर आली, जुनी कपाटात गेली. आज्ञावलीत एक अक्षरही न बदलता जगभरच्या पडद्यांवरच्या तारखांनी कपडे बदलले. ब्रिटनच्या लोकॅलमध्ये मध्यम लांबीची तारीख आठव्या आवृत्तीत दिवस, रेघ, महिना, रेघ, वर्ष अशी निघायची. नवव्या आवृत्तीत रेघा गेल्या, मोकळ्या जागा आल्या. अमेरिकेच्या लोकॅलमध्ये तारीख आणि वेळ यांच्यामध्ये एक स्वल्पविराम वाढला. हिंदीची गंमत वेगळीच. आठव्या आवृत्तीत हिंदी म्हटलं की आकडे देवनागरी निघायचे, नवव्यात ते एक-दोन-तीन इंग्रजी वळणाचे झाले. यात चूक कुणाची म्हणायची? आपल्या राज्यघटनेच्या ३४३ व्या कलमात केंद्राच्या राजभाषेची लिपी देवनागरी आणि अंक मात्र भारतीय अंकांच्या आंतरराष्ट्रीय रूपातले, असंच म्हटलं आहे. मराठीचं तसं नाही. सामाईक जंत्रीत मराठीचे आकडे देवनागरीच धरले आहेत.

आणि इथं एक गोष्ट न्यायानं सांगायला हवी. जावाच्या जुन्या जंत्रीत भारतातल्या दोनच नोंदी होत्या, हिंदी आणि भारतातली इंग्रजी. मराठी नव्हतीच. तुम्ही मराठीत तारीख मागितली, तरी महिन्याचं नाव इंग्रजीत यायचं. सामाईक जंत्री पुढे आली तेव्हा जानेवारी, फेब्रुवारी, जुलै, ऑगस्ट ही आपली नावं वेगळं काही न करता मिळू लागली. ज्या बदलानं खालांची तारीख पुसली, त्याच बदलाच्या वाटेनं मराठी आत आली. म्हणून बदलाला सरसकट शिव्या देण्यात अर्थ नाही.

मग संस्थेत नेमकं काय झालं? भाचीनं मला विचारायला लावलं आणि आठवडाभरानं कंपनीकडून जे उत्तर आलं, त्यावरून चित्र असं उभं राहिलं. ज्यांनी मूळ सॉफ्टवेअर लिहिलं, त्यांनी तारखा मोजणीच्या आकड्यात न साठवता शब्दांत साठवल्या होत्या. दोन अक्षरांत दिवस, रेघ, तीन अक्षरांत महिना, रेघ, चार अंकी वर्ष. आपल्याकडे दिवस आधी लिहितात, म्हणून लोकॅल ब्रिटनचा निवडला. साचा त्यांनी स्वतः ठरवलेला असल्यामुळे रेघा गेल्या-आल्या याचा त्यांना त्रास झाला नसता. पण महिन्याचं संक्षिप्त नाव मात्र जंत्रीतूनच येत होतं.

ब्रिटनमध्ये सप्टेंबरचा संक्षेप चार अक्षरांत लिहिण्याची रीत आहे. बाकीचे महिने तीन अक्षरी, हा एकटा चार अक्षरी. २०२० च्या ऑक्टोबरात सामाईक जंत्रीची ३८ वी आवृत्ती आली, तिच्यात ब्रिटिश इंग्रजीसाठी ही रीत नोंदवली गेली. २०२१ च्या मार्चमध्ये आलेल्या जावाच्या सोळाव्या आवृत्तीत ती उतरली आणि सप्टेंबरात आलेल्या सतराव्या आवृत्तीत अर्थातच राहिली. ही सतरावी आवृत्ती महत्त्वाची, कारण ती बरीच वर्षं दुरुस्त्या मिळत राहतील अशा वायद्याची आहे. आठव्यावर वर्षानुवर्षं बसलेल्या अनेकांनी एकदम सतराव्यावर उडी मारली. त्यांतलीच ही कंपनी.

उडी मारल्यावर सॉफ्टवेअर जुन्या नोंदी वाचू लागलं. जानेवारी जुळला, फेब्रुवारी जुळला, ऑगस्ट जुळला. सप्टेंबरपाशी आल्यावर जंत्री म्हणाली, चार अक्षरं असतील तर तो सप्टेंबर. नोंदीत तीनच होती. हा सप्टेंबर नव्हे, असं म्हणून जावानं हात वर केले. इथपर्यंत जावाचं काही चुकलं नाही. न कळलेलं कळलं नाही असंच तिनं सांगितलं. पण सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यानं पूर्वी कधीतरी अशी सोय करून ठेवली होती, की तारीख वाचता आली नाही तर बोभाटा करू नये, रकाना कोरा सोडावा. त्यामुळे कुठं घंटा वाजली नाही, कुठं लाल अक्षरं उमटली नाहीत. दर वर्षी एक महिना, म्हणजे बारावा हिस्सा माणसं, गुपचूप यादीतून गळली. आणि बदल ऑगस्टमध्ये झाल्यामुळे ऑगस्टच्या यादीत काहीच कमी दिसलं नाही.

भर म्हणून सप्टेंबर उजाडल्यावर नव्या पावत्या चार अक्षरांनी छापल्या जाऊ लागल्या. एकाच दफ्तरात दोन सप्टेंबर झाले. जुन्या आवृत्तीवर परत जावं तर नवे सप्टेंबर वाचता येईनात, नव्यावर राहावं तर जुने.

भाचीनं मला याहून सूक्ष्म एक उदाहरण सांगितलं, ते ऐकून मी बराच वेळ गप्प बसलो. २०२२ च्या ऑक्टोबरात सामाईक जंत्रीची ४२ वी आवृत्ती आली. तिच्यात इंग्रजी वेळ लिहिताना आकडा आणि एएम-पीएम यांच्यामधली मोकळी जागा बदलली. साध्या जागेऐवजी अरुंद आणि न तुटणारी जागा घातली. हेतू चांगला होता. ओळ संपताना आकडा एका ओळीत आणि पीएम पुढच्या ओळीत असं होऊ नये. २०२३ च्या मार्चमध्ये आलेल्या जावाच्या विसाव्या आवृत्तीत हा बदल उतरला. डोळ्यांना दोन्ही जागा सारख्याच दिसतात. कॉम्प्युटरला मात्र ती दोन वेगळी अक्षरं आहेत, वेगळ्या क्रमांकांची. जुन्या साच्यानं वेळ वाचणाऱ्या कित्येक आज्ञावल्या त्या जागेपाशी अडखळल्या. आम्ही कवी यतीबद्दल बोलतो, ओळीतल्या थांब्याबद्दल. शब्द तेच, थांबा बदलला तर वृत्त बिघडतं. पण न दिसणाऱ्या थांब्यावरून कचेऱ्यांची कामं खोळंबतील, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

कुणी म्हणेल, मग आवृत्ती बदलायचीच कशाला? जुनी चालत होती ना? मीही हेच विचारलं. भाची म्हणाली, "मामू, दाराचं जुनं कुलूप उघडायची युक्ती चोरांना कळली, की कुलूप बदलावंच लागतं." जुन्या आवृत्तीतल्या फटी बुजवणं एक दिवस थांबतं किंवा महाग होतं. पैशांचा हिशेब ठेवणाऱ्या संस्थेला तिथं बसून राहणं परवडत नाही. बदल करायचा की नाही, हा प्रश्न नसतो. बदलाच्या आधी काय तपासायचं, हा असतो.

तिनं सांगितलेली पथ्यं मी वहीत लिहून ठेवली आहेत. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या तरुण श्रोत्यांना ती माहीत असतील, पण उजळणी होऊ द्या.

पोशाखासकट तारीख साठवू नये. साठवायची तर मोजणीच्या आकड्यात, नाहीतर वर्ष, महिना, दिवस अशा अंकी क्रमानं. चार अंकी वर्ष, रेघ, दोन अंकी महिना, रेघ, दोन अंकी दिवस. २०२३-०९-१२. आयएसओ ८६०१ या नावानं ही पद्धत १९८८ साली जागतिक प्रमाण म्हणून ठरली. तिच्यात महिन्याचं नावच नाही, त्यामुळे ते बदलण्याचा प्रश्न येत नाही. शिवाय अशा तारखा अक्षरक्रमानं लावल्या, की आपोआप कालक्रमानं लागतात. माणसाला दाखवायच्या क्षणी हवा तो पोशाख चढवावा, आणि दाखवलेलं पुन्हा मशीनला वाचायला देऊ नये.

जुन्या नोंदी शब्दांतल्याच असतील, तर त्या वाचताना जंत्रीवर भरवसा न ठेवता बारा महिन्यांच्या नावांची आपली यादी द्यावी. जावात तशी सोय आहे. सप्टेंबरची तीन अक्षरंही मान्य, चार अक्षरंही मान्य, असं तिथं लिहिता येतं.

लोकॅल कुठला, हे दर ठिकाणी स्पष्ट सांगावं. ज्या यंत्रावर काम चालतं त्याचा असेल तो घ्या, असं सोडलं तर यंत्र बदलल्यावर तारीख बदलते.

नवी आवृत्ती चढवण्याआधी खऱ्या दफ्तराच्या नकलेवर ती चालवून पाहावी. आजची तारीख बरोबर दिसते, एवढ्यावर समाधान मानू नये. बाराही महिने, सकाळ आणि संध्याकाळ, दोन्ही तपासावं. आणि सगळ्यांत सोपी परीक्षा ही, की बदलाआधी कोऱ्या तारखा किती होत्या आणि नंतर किती आहेत ते मोजावं. एवढी मोजणी त्या ऑगस्टमध्ये कुणी केली असती, तर मला आज हे भाषण करावं लागलं नसतं.

वेळ मारून न्यायला एक आडवाटही होती. जावा सुरू करताना तिला सांगता येत असे, की कपाटातली जुनी जंत्री वापर. आमच्या संस्थेच्या कंपनीनं जुन्या नोंदी रूपांतरित होईपर्यंत हीच वाट धरली, आणि चार अक्षरांच्या मोजक्या नव्या नोंदी हातानं दुरुस्त केल्या. पण ती आडवाटच. २०२३ च्या सप्टेंबरातल्या एकविसाव्या आवृत्तीपासून जावा त्याबद्दल इशारा देऊ लागली आणि २०२४ च्या सप्टेंबरातल्या तेविसाव्या आवृत्तीतून जुनी जंत्री काढूनच टाकली गेली. त्या वाटेवर जे घर बांधून राहिले, त्यांना आता निघावं लागणार आहे.

आणि शेवटचं पथ्य, जे मला सर्वांत मोलाचं वाटतं. न वाचता आलेली तारीख कोरी सोडू नये. मशीनला कळलं नाही तर तिनं मोठ्यानं सांगावं. कारकून निदान म्हणतो, अक्षर लागत नाही, पुन्हा लिहून आणा. कोरा रकाना काहीच म्हणत नाही. तो माणसाला नाहीसं करतो आणि वर निरागस दिसतो.

आपल्यासारख्या साध्या खातेदारांनी काय करावं? कागद जपावा. हातानं तारीख लिहिताना महिना पूर्ण अक्षरी लिहावा. पावती हातात आली, की तारीख वाचून घ्यावी, जुन्या पावतीशी ताडून पाहावी. आणि 'मशीनमध्ये नाही' असं उत्तर मिळालं, तर एकट्यानं परत फिरू नये. रांगेतल्या शेजाऱ्याला विचारावं, तुमचंही असंच झालंय का? दोन कागद शेजारी ठेवले की पुष्कळदा दुखणं सापडतं.

खालांचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. भाचीनं सांगितलेलं मी एका कागदावर लिहून व्यवस्थापकांना दिलं. त्यांनी तो कंपनीला पाठवला, आणि दुसऱ्या दिवशी जुनं हस्तलिखित रजिस्टर काढून सप्टेंबरच्या सगळ्या ठेवी हातानं उतरवून घेतल्या. ते रजिस्टर रद्दीत घालायचं ठरलेलं होतं, पण गाडी आली नव्हती म्हणून राहिलं होतं. खालांचे पैसे नियमाप्रमाणे व्याजासह मिळाले. पण तोवर ऑक्टोबर उजाडला होता. फीची तारीख चुकू नये म्हणून त्यांनी महिनाअखेरीलाच आपल्या दोन बांगड्या सोनाराकडे ठेवल्या होत्या. त्या सोडवताना सोनाराचं व्याज त्यांनी भरलं. ते कुणाकडे मागायचं, त्याचा अर्ज मला लिहिता आला नाही.

नात आता दवाखान्यात शिकते आहे. रोग्याच्या तक्त्यावर तारीख आणि वेळ लिहिणं हे तिथलं रोजचं काम. मागच्या ईदला ती भेटायला आली, तेव्हा मी तिला सहज विचारलं, तुमच्याकडे तारीख कशी लिहितात? ती म्हणाली, "आमच्या सिस्टर सांगतात, महिना अक्षरांत लिही, आणि अक्षर असं काढ की रात्रपाळीच्या मुलीला वाचता आलं पाहिजे."

मी म्हटलं, सप्टेंबर पूर्ण लिहीत जा, बेटी. चार अक्षरांवर थांबू नकोस.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)